मेबल जागी झाली

भांडी घासायची प्लास्टिकची परात घ्यायची, तिला पांढरा रंग फासायचा, मधोमध एक दिवा बसवायचा. झालं यंत्र. माणसांची मनं ताब्यात घेणारं! थिर्झानं ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला असं काही हसू फुटलं की दिग्दर्शकानं तिला पाणी पिऊन यायला सांगितलं.

पण गोष्ट झकास होती, तेवढं मान्य करायला पाहिजे. मालिकेचं नाव ‘पल्याड’. दर शनिवारी संध्याकाळच्या चहाला टीव्हीवर लागायची, आणि पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे हातातला कप तसाच धरून बघत बसायचे. ह्या भागात लंडनबाहेर एक नवी कोरी वसाहत होती. घराघरात भिंतीवर तसली एकेक परात. परात घुमायला लागली की माणसं हसतमुखानं उठायची, सांगितलेलं काम करायची, परत येऊन बसायची. कुणी रडत नाही, कुणी भांडत नाही, बायको नवऱ्याला वाकडं बोलत नाही. आणि सगळ्यांचं बोलणं एकसारखं. स्वच्छ, गुळगुळीत, बातम्या वाचल्यासारखं.

मेबल म्हणजे त्या वसाहतीच्या कँटीनमधली बाई. मालिकेचा नायक प्रोफेसर ग्रेल तिचे खांदे धरून तिला हलवतो, ‘नाव सांग, तुझं नाव आठव’ म्हणतो, आणि त्या वसाहतीत पहिल्यांदा कुणीतरी जागं होतं. मेबल चार वाक्यं बोलते आणि परात तिला मारून टाकते. एवढंच काम. पण अख्खा भाग त्या एवढ्याशा कामावर उभा होता. मेबल जागी झाली हे बघणाऱ्याला पटलं नाही, तर मग परात ती परातच.

ते काम थिर्झा ट्रोमन्सला मिळालं होतं.

थिर्झा एकोणीस वर्षांची, बर्मिंगहॅमजवळच्या क्रॅडलीची. क्रॅडली म्हणजे साखळ्यांचं गाव. तिच्या लहानपणापर्यंत परसापरसात भट्टी होती आणि भट्टीपुढं बाया. लोखंड लाल करायचं, वाकवायचं, ठोकायचं, कडीत कडी अडकवायची. तिची आई केझाया पोरवयापासून तेच करत आलेली. आता परसातल्या भट्ट्या विझल्या होत्या, पण आईचे दंड अजून तसेच होते. तिच्याशी हात मिळवला की पाद्रीबाबासुद्धा तोंड वाकडं करायचे.

थिर्झानं शाळा लवकरच सोडली. सोडली म्हणजे काय, बाईंनी पट्टी उगारली, हिनं ती हिसकावून खिडकीबाहेर फेकली, नंतर कुणी बोलावलं नाही आणि ही गेली नाही. साखळीच्या कारखान्यात कँटीनला लागली. तिथं चहा ओतता ओतता फोरमनची नक्कल करायची, पाद्रीबाबांची करायची, आणि बाया हसून हसून टेबलावर डोकं ठेवायच्या. बर्मिंगहॅमच्या एका नाटकवाल्यानं ते बघितलं, परीक्षेला बसवलं, आणि पोर लंडनच्या नाट्यशाळेत दाखल.

तिथं उच्चाराच्या बाईंनी पहिल्याच तासाला सांगितलं, की तुझं बोलणं इंग्लंडातलं सगळ्यात कुरूप बोलणं आहे, पण घाबरू नकोस, जाईल ते. मग दातात बूच धरून रोज तासन्‌तास आ, ई, ओ. करपलेली कढई घासतात तशी क्रॅडली तिच्या जिभेवरून घासून काढली त्यांनी. आणि खरं सांगायचं तर थिर्झाला ते जमलंही. फोरमनची नक्कल जमायची, पाद्र्याची जमायची, मग लंडनची का नाही जमणार? तिच्या दृष्टीनं तीही एक नक्कलच होती. फरक एवढाच, की ही नक्कल संपत नव्हती.

तालीम हॅमरस्मिथच्या एका चर्चच्या हॉलमध्ये व्हायची. जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवलेल्या. निळी पट्टी म्हणजे भिंत, पिवळी म्हणजे कँटीनचा कट्टा. चुकून निळ्या पट्टीवरून पाय टाकला की सगळे ओरडायचे, “भिंतीतून आली, भूत आलं!” तिसऱ्या दिवशी थिर्झानं हात वर केला.

“मिस्टर ऑक्सली, एक विचारू?”

डेन्झिल ऑक्सली म्हणजे दिग्दर्शक. काटकुळा माणूस, गळ्यात उन्हाळ्यातही मफलर, सगळ्यांना ‘राणी’ म्हणायचा. बाप्यांनासुद्धा.

“विचार की, राणी.”

“मेबल जागी होते तेव्हा ती बोलते कशी?”

“तोंडानं.”

सगळे हसले. थिर्झाचे कान तापले.

“तसं नाही. परातीच्या ताब्यात असताना ती परातीसारखी बोलते. ताबा सुटल्यावर पण तशीच बोलली, तर मग सुटलं काय? चहा ओतणारी बाई आहे ती. जागी झाली तर स्वतःच्या बोलीत नाही का बोलणार?”

“राणी, ही उद्याच्या जगाची गोष्ट आहे.”

“मग उद्याच्या जगात चहावाल्या बाया राजवाड्यात वाढतात काय?”

आता हसू दाबायची पाळी डेन्झिलची होती. पण प्रोफेसरचं काम करणारा ऑब्रे फेन खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाला, “बाळ, लोकांना कळलं पाहिजे ना आपण काय म्हणतो ते. तुमच्या तिकडचं बोलणं म्हणजे पडसं झालेल्या माणसानं नाक शिंकरावं तसं.”

ऑब्रे फेन मोठा नट. आवाज तुपात तळलेला. डोक्यावर केसांचा टोप, आणि तो टोप आहे हे कुणाला माहीत नाही असा त्याचा गोड समज.

“तुम्हाला कसं माहीत तिकडचं बोलणं?” थिर्झानं विचारलं.

“एकदा गाडी बदलायला उतरलो होतो.”

“तेव्हाच वारा सुटला असणार. उघड्यावर टोप सांभाळायचा म्हणजे कान कुठं मोकळे राहतात?”

वसाहतीतल्या माणसांचं काम करणारे मागचे पंधरा-वीस जण, ज्यांना पूर्ण भागात एक शब्द बोलायची परवानगी नव्हती, ते छताकडं बघायला लागले. डेन्झिलनं टाळी वाजवली, चहाची सुट्टी दिली आणि थिर्झाला दंड धरून कोपऱ्यात नेलं.

“ऐक. प्रोफेसरबरोबर फिरणारी मुलगी मालिका सोडून चाललीय. लग्न करतेय. तिच्या जागी मला तू हवीयस. मी वर बोललोय तसं. तेरा आठवडे, आणि लोकांना आवडलीस तर त्यापुढंही. पण वरचे लोक हा भाग बघून ठरवणार. तेव्हा भांडू नकोस, टोपावर जाऊ नकोस, आणि शुद्ध बोल. एवढं कर. माझ्यासाठी म्हणून नाही, तुझ्यासाठी.”

थिर्झा हो म्हणाली. कोण नाही म्हणेल? लंडनला येऊनसुद्धा ती पोटासाठी पुन्हा चहाच ओतत होती, एका स्टेशनसमोरच्या हॉटेलात. तेरा आठवडे म्हणजे ते सुटलं. तेरा आठवडे म्हणजे रस्त्यात पोरं बोट दाखवून म्हणणार, ‘ती बघ पल्याडवाली!’ पुढच्या सगळ्या तालमींना ती अशी शुद्ध बोलली की उच्चाराच्या बाईंनी कडेवर घेतलं असतं.

मग चित्रीकरणाचा दिवस उगवला.

तेव्हा सगळं नाटकासारखं चालायचं. चित्रफीत कापायची-जोडायची म्हणजे कंपनीला खर्च परवडायचा नाही, म्हणून भाग पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग घ्यायचा. भिंत हलली? चालू द्या. दार अडकलं? खिडकीतून या. आणि सहाच्या ठोक्याला स्टुडिओचे दिवे जाणार म्हणजे जाणार, कारण लगेच दुसऱ्या कार्यक्रमाचे सुतार सेट लावायला उभे असायचे. तिथं पंतप्रधानाला पण कुणी जादा वेळ दिला नसता.

थांबायला भाग पाडणारी एकच गोष्ट होती. शिवी. पोरंबाळं बघणार, त्यात शिवी कशी चालेल? तेव्हा मुरलेले नट काय करायचे, की आपलं वाक्य फसलं असं वाटलं की सरळ एक सणसणीत शिवी हासडायचे. झक मारत फीत मागे घ्यायला लागायची. सगळ्यांना ही युक्ती माहीत होती आणि सगळे माहीत नसल्यासारखं करायचे.

कँटीनचा प्रसंग स्टुडिओतला शेवटचा होता; त्यानंतरची बोगद्यातली पळापळ आधीच बाहेर जाऊन घेऊन ठेवली होती. दिवे तापलेले, ऑब्रेच्या कपाळावरून रंग ओघळायला लागलेला. मागं पांढऱ्या झग्यातली सगळी माणसं रांगेत उभी, डोळे सताड उघडे, कारण ताब्यातल्या माणसानं पापणी मिटवायची नाही असा हुकूम होता. कानाला यंत्र लावलेला पर्सी लव्हेल कॅमेऱ्यांच्या मधे उभा. वर काचेच्या खोलीत बसलेल्या डेन्झिलचं म्हणणं खाली सांगायचं हे त्याचं काम. त्यानं हात खाली केला आणि प्रसंग सुरू झाला.

परात घुमायला लागली. थिर्झा किटली घेऊन उभी, चेहऱ्यावर ते गोड, रिकामं हसू. ऑब्रे धावत आला, तिचे खांदे धरले.

“तुझं नाव काय? आठव! तू कोण आहेस?”

आणि तो तिच्याकडं बघतच नव्हता. तिच्या कानावरून पलीकडच्या कॅमेऱ्याकडं बघत होता, आपली हनुवटी नीट दिसते का याचा अंदाज घेत. तालमीत पण तसंच करायचा तो. पण आज खांद्यावर त्याची बोटं रुतलेली, डोक्यात ती घुमघुम, आणि हा म्हाताऱ्या कोंबड्यासारखी मान वर करून दिव्याकडं बघतोय. इकडं एक बाई जागी होतेय, आणि हिला जागं करणाऱ्याला त्याचं काही सोयरसुतक नाही! थिर्झाच्या टाळक्यात सणक गेली. आणि तोंड उघडलं तेव्हा जे आलं ते नाट्यशाळेचं नव्हतं.

“माझं नाव मेबल हाय,” ती म्हणाली. “म्या न्हाय जायाची!”

ऑब्रेची मान झटक्यात खाली आली. मग सावकाश, एकेक अक्षर तुपात घोळून, त्यानं एक शिवी दिली. अशी शिवी, की मागच्या रांगेतल्या एका बाईची पापणी मिटलीच.

“थांबा!” पर्सी ओरडला. “थांबा, सगळे थांबा. दिवे राहू द्या.”

“माफ करा हं मंडळी,” ऑब्रे रुमालानं कपाळ टिपत म्हणाला, “पण ह्या मुलीला आत्ता झालं काय होतं? उलटी?”

“तुमी माज्याकडं बघा की जरा!” थिर्झा अजून त्याच बोलीत होती. “मला जागं करताय का कॅमेऱ्याला?”

“बघा, अजून येतेच आहे.”

वरच्या खोलीतून लोखंडी जिना खडखडला. चित्रीकरण चालू असताना डेन्झिल कधी खाली यायचा नाही. आज आला. मफलर एका खांद्यावरून लोंबत होता. त्यानं ऑब्रेकडं बघितलंच नाही, सरळ थिर्झासमोर उभा राहिला आणि हळू आवाजात बोलला.

“राणी, घड्याळ बघ. एकदाच घेता येईल आता. ह्यानंतर दिवे जाणार. वरचे दोघे माझ्या मागं बसलेत, त्यांनी ऐकलं आत्ताचं. एक जण म्हणाला, ही कुठून आणली? मी म्हटलं, पोर घाबरली, चुकली. आता जाऊन तू नीट बोललीस की तेरा आठवडे तुझे. नाही बोललीस तर मी काही करू शकणार नाही. कळलं?”

“कळलं.”

“शहाणी आहेस.”

तो वर गेला. पर्सीनं सगळ्यांना जागेवर उभं केलं. रंगवालीनं येऊन थिर्झाच्या नाकावर पावडर थोपटली. किटली पुन्हा हातात आली.

आता राग नव्हता. रागात बोललेलं सोपं असतं. ते आपण बोललो असं नसतंच, निघून गेलं असं म्हणता येतं. चुकले, घाबरले, माफ करा. डेन्झिलनं तिला तो दरवाजा उघडाच ठेवला होता. त्यातून सरळ चालत जायचं की झालं.

तिनं मागच्या रांगेकडं बघितलं. सगळे तयारीत होते, डोळे ताणलेले, ओठांवर ते गोड हसू. हातात किटली. आणि तिला कारखान्याचं कँटीन आठवलं. पलीकडं हातोडे आदळत असायचे, असा दणदणाट की छताची धूळ कपात पडायची, आणि त्या आवाजावरून बाया बोलायच्या. ओरडायच्या नाहीत, बोलायच्या. त्यांचं बोलणं त्या दणदणाटासाठीच घडलेलं होतं, जाड, बसकं, सरळ कानात घुसणारं. तिथं कधी कुणाला ‘काय म्हणालीस?’ असं विचारावं लागलं नाही. कुरूप म्हणे! तिच्या आईनं त्या बोलण्यात मालकाला सुनावलं होतं, आणि मालक मान खाली घालून ऐकत उभा राहिला होता. मेबल अशीच कुणीतरी होती. मेबलला जागं करून पुन्हा तोंडात बूच द्यायचं, ही थिर्झाच्यानं व्हायची गोष्ट नव्हती.

लिहिलेलं सोडून एक शब्द बोलायचा नाही, तिनं ठरवलं. वाक्यं लेखकाची. तोंड माझं.

पर्सीचा हात खाली आला. परात घुमली. ऑब्रे धावत आला, खांदे धरले.

“तुझं नाव काय? आठव! तू कोण आहेस?”

थिर्झानं वेळ घेतला. गोड हसू आधी एका बाजूनं ढासळलं, मग दुसऱ्या. डोळ्यांत काहीतरी हललं. तिनं ऑब्रेकडं बघितलं, आणि ते बघणं असं होतं की त्याला कॅमेऱ्याकडं मान वळवता येईना.

“माझं नाव…” हळूच, जणू तळातून वर ओढून काढत. “माझं नाव मेबल हाय.”

वरच्या खोलीत काय झालं ते काचेमुळं ऐकू आलं नाही. पर्सीनं मात्र कानावरचं यंत्र थोडं लांब धरलं.

“म्या न्हाय जायाची,” थिर्झा म्हणाली. आवाज चढवला नाही. “हितं म्या च्या देती. हुकूम घेत न्हाय.”

आणि किटली कट्ट्यावर ठेवली. ठक्क.

आता ऑब्रेचं वाक्य होतं. ‘शाब्बास, मेबल! चल, इतरांना वाचवू.’ ऑब्रेचं तोंड उघडलं. आणि उघडंच राहिलं. त्यात काही नव्हतं. जन्मभर नाटकं केलेला माणूस, समोरच्या पोरीकडं नुसता बघत उभा, आणि वाक्य गायब. आता त्याला एक शिवी देता आली असती. पण शिवी दिली असती तर भागच अर्धा राहिला असता, दिवे जायला आलेले. त्याच्या डोळ्यांत ते सगळं थिर्झाला लख्ख दिसलं. भीती दिसली. कॅमेऱ्याचा लाल दिवा चालूच होता, फीत पळत होती, आणि मागं वीस माणसं पापणी न मिटता उभी. त्यांतल्या एकालाही बोलायची मुभा नाही.

लिहिलेलं सोडून एक शब्द नाही, असं ठरवलं होतं खरं.

“आता बघत काय ऱ्हायलाय?” मेबल म्हणाली आणि तिनं प्रोफेसर ग्रेलला दोन्ही हातांनी ढकललं. “मानसं वाचवायची हायती न्हवं? पळा की!”

प्रोफेसर पळाला. असा पळाला की त्या मालिकेत तो इतका खरा कधीच पळाला नसेल. दारातून बाहेर, कॅमेरा त्याच्या मागं. परात कर्कश घुमली, दिवा भडकला, आणि मेबल कट्ट्याला धरून उभीच राहिली, गुडघे टेकायला तयार नाही, शेवटी एकदम कोसळली. लिहिल्यापेक्षा उशिरा कोसळली. पण तिला पडायची घाई नव्हती.

“झालं,” पर्सी म्हणाला. आणि वरचे दिवे एकेक करून विझायला लागले.

थिर्झा फरशीवरून उठत होती तेव्हा मागच्या रांगेतला एक म्हातारा, आठवडाभर एक शब्द न बोललेला, तिला हात द्यायला पुढं आला.

“कुठली गं तू, पोरी?” आणि बोली अगदी ओळखीची.

“क्रॅडलीची. तुमी?”

“टिप्टनचा. चाळीस वर्सं हितं गप उभं ऱ्हायाचं काम करतूय बघ.” त्यानं मोठ्यांदा नाक ओढलं. “बरं वाटलं ऐकून.”

जिन्यावरून डेन्झिल येत होता, सावकाश, एकेक पायरी. सुतार लाकडं घेऊन आत घुसले होते, त्यांच्यातून वाट काढत तो आला.

“गेले तेरा आठवडे,” तो म्हणाला.

“म्हाईत होतं.”

“दोघंही उठून गेले. एकानं तर पुढच्या मुलीचं नावही सांगितलं मला. गोल्फच्या मित्राची भाची.”

“आणि हे कापणार?” हे मात्र थिर्झानं घाईघाईनं विचारलं.

“कशानं कापू? दुसरं घ्यायला वेळ नाही, आणि हे काढलं तर गोष्टच उरत नाही. जसंच्या तसं जाणार शनिवारी.” तो थांबला. मफलर नीट केला. “मी आठ वर्षं दिग्दर्शन करतोय, थिर्झा. माणूस जागा होताना मी आज पहिल्यांदा बघितलं. हे मी वर बोलणार नाही, तेवढी हिंमत नाही माझ्यात. तुला सांगतो.”

त्यानं तिला नावानं हाक मारली हे तिच्या लक्षात आलं. बाकी कुणाला तो अशी हाक मारायचा नाही.

ऑब्रे फेन दारात भेटला, टोप काढून हातात धरलेला, डोकं चकचकीत.

“वाक्य विसरलो मी,” तो म्हणाला. “आयुष्यात पहिल्यांदा.”

“सॉरी.”

“खबरदार माफी मागशील तर.” त्यानं टोप खिशात कोंबला. “ज्याच्यासोबत काम करशील त्याच्यावर हे असंच कर. फक्त माझ्यावर पुन्हा करू नको.”

शनिवारी थिर्झा गाडीनं क्रॅडलीला गेली. गल्लीत टीव्ही झिला मावशीकडं, म्हणून अख्खी गल्ली झिला मावशीच्या पुढच्या खोलीत. खुर्च्या कमी, म्हणून पोरं जमिनीवर, बाप्ये भिंतीला टेकून. टेबलावर कलेजीचे गोळे आणि वाटाणे, वाफ निघणारे. आई मधल्या खुर्चीत, रविवारी प्रार्थनेला घालायचा कोट घालून, घरात उकडत असताना. तिच्या शेजारी एनॉक काका. साठ वर्षं हातोड्याखाली काढली, दोन्ही कान गेलेले.

भाग सुरू झाला.

“काय म्हनाला त्यो?” एनॉक काकानं विचारलं.

“म्हनाला, वसाहत लई देखनी हाय,” आई त्याच्या कानात ओरडली.

“आन् ती?”

“ती बी त्येच म्हनली.”

“मग दोगांनी कशापायी बोलायचं?”

असं चाललं होतं. प्रोफेसर बोलला की ‘काय म्हनाला?’, परात बोलली की ‘काय म्हनली?’. खरं तर कान धड असलेल्या बायांनाही निम्मं कळत नव्हतं. त्या नुसत्या माना डोलावत होत्या. थिर्झा दाराशी उभी होती. चेष्टा करतील. म्हणतील, टीव्हीवर जाऊन आमच्यासारखी काय बोललीस, लाज काढलीस. किंवा म्हणतील, बघा, आपली पोर आपल्यासारखी बोलली. दोन्हीतलं काहीतरी एक.

कँटीन आलं. पडद्यावर तिचा चेहरा, तोंडभर. झिला मावशी किंचाळली, “आली!” आणि सगळ्यांनी तिला गप केलं.

माझं नाव मेबल हाय.

एनॉक काकानं काही विचारलं नाही.

म्या न्हाय जायाची.

“बराबर हाय!” एनॉक काका पडद्याला म्हणाला, मोठ्यांदा. “जाऊ नगंस!”

हितं म्या च्या देती. हुकूम घेत न्हाय.

“आसं!” भिंतीजवळून कुणीतरी म्हणालं. एका बाईनं मांडीवर थाप मारली. मेबलनं प्रोफेसरला ढकललं तशी पोरं ओरडली, “पळ रे!” आणि मेबल पडली तेव्हा खोलीत सगळे एकदम बोलायला लागले.

“त्यो टोपवाला पळाला की गं तिला टाकून!”

“बाप्या हाय का कोन हाय!”

“परात हुती ती. येक हातुडा घातला आसता तर…”

“किटली मारायची हुती, किटली! हातात हुती की!”

थिर्झा ऐकत राहिली. बोलण्याबद्दल कुणी एक अक्षर काढलं नाही. कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. पडद्यावर एवढा वेळ सगळी परकी माणसं काहीतरी बोलत होती, आणि मग एक बाई बोलली, ती नुसती बाई होती. कुठली, कशी बोलते, हा प्रश्नच कुणाला पडला नाही. तिनं तोंड फिरवून खिडकीबाहेर बघितलं.

“थिर्झा,” एनॉक काकानं मान वळवली, “फुडच्या शनवारी हायस का गं?”

“न्हाय, काका. मेले की म्या.”

“आन् त्यानंतर?”

“न्हाय. दुसऱ्या कुनाला तरी घ्येतलंय.”

पडद्यावर प्रोफेसर ग्रेल बोगद्यातून धावत होता, वसाहत वाचवायला. गोष्टीतला सगळ्यात मोठा प्रसंग. आईनं एकदा थिर्झाकडं बघितलं, आपादमस्तक, भट्टीतून काढलेली कडी बघायची तसं. मग उठली, सगळ्यांच्या पायांतून वाट काढत टीव्हीपाशी गेली आणि तो बंद केला.

“अगं, फुडं काय झालं त्ये?” एक पोरगं कळवळलं.

“आता काय बघायचं ऱ्हायलंय त्यात?” केझाया ट्रोमन्स म्हणाली आणि कोटाची बटणं सोडत टेबलाकडं वळली. “वाटानं गार व्हाया लागलं. माज्या पोरीला आदी वाढा.”